अक्षरी त्र्याहत्तर

हे सगळं घडलं एकोणीसशे एकोणऐंशी साली, पण बाईंना ते कळलं गेल्या हिवाळ्यातल्या एका मंगळवारी, रक्ततपासणीच्या खिडकीपाशी, उपाशी पोटी. खिडकीतल्या मुलीने नोंदणीचा आकडा तोंडी सांगितला, "चौऱ्याऐंशी. चिठ्ठीवर लिहून घ्या आजी, आत तोच सांगा." बाईंनी पर्समधून टोक केलेली पेन्सिल काढली (सही सोडली तर पेन त्यांनी जन्मात वापरलं नव्हतं) आणि आकडा लिहून घेतला. आत सुई घेऊन बसलेल्या माणसाने विचारलं, "नंबर?" बाईंनी चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली, चष्मा वर सरकवला आणि वाचून दाखवलं, "चौऱ्याऐंशी." त्याने मान लांब करून चिठ्ठीत पाहिलं आणि तो हसला. "आजी, इथे तर अठ्ठेचाळीस लिहिलंय." बाईंनी पुन्हा पाहिलं. चार आणि आठ. ठसठशीत, नकाशावर असावेत तसे सरळ अंक. दंडाला रबरी नळी बांधली गेली, सुई आत गेली, बाहेर आली, कापसाचा बोळा दाबून धरा म्हणून सांगितलं गेलं, यातलं काहीही त्यांना जाणवलं नाही. आकडा उलटा लिहिला जाणं त्यांना नवं नव्हतं. ती खोड अकराव्या वर्षापासूनची, आणि तिचा बंदोबस्तही तेव्हाच झाला होता. हादरा बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. डोळ्यांसमोर अठ्ठेचाळीस धरून त्यांनी चौऱ्याऐंशी वाचलं होतं. कागदावरचं नव्हे, मनातलं वाचलं होतं. आणि तसं करताना त्यांच्या आवाजात तसूभरही शंका नव्हती.

बाहेरच्या बाकावर धाकटी बहीण थर्मास आणि बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. दोघींनी म्हातारपणी एकत्र बिऱ्हाड केलं होतं. "काय गं ताई, एवढंसं तोंड करून आलीस? जास्त रक्त काढलं का मेल्यानं?"

"आकडा उलटा लिहिला मी."

"मग? काल मी भाजीत दोनदा मीठ घातलं. मुकाट्यानं खाल्लीसच ना?"

"नुसता उलटा लिहिला असता तर ठीक होतं. उलटा लिहिला आणि सुलटा वाचला."

"म्हणजे बरोबरच झालं की! वजा वजा अधिक. तूच तर पाठ करून घेतलंस माझ्याकडून, कान पिळून."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चहाचा पेला हातात घेतला आणि तो तसाच निवत राहिला. त्यांच्या मनात आठवड्यापूर्वीचा एक फोन वाजत होता. त्यांच्या जुन्या कचेरीतून एका नव्या इंजिनीयर मुलीने तो केला होता. नदीवरच्या लोखंडी पुलाची, बाईंच्या पहिल्या पुलाची, मोठी दुरुस्ती निघाली होती, आणि पुलाच्या टोकाशी पोलाद आणि दगडी भिंत यांच्यामध्ये जी फट ठेवलेली असते, तिचं माप जुळत नव्हतं. "मॅडम, तुमच्या सहीच्या नकाशावर थर्टी सेव्हन आहे, मिलिमीटर. प्रत्यक्षात सेव्हन्टी थ्री भरते. सकाळच्या वेळी, तुम्ही नकाशावर लिहिलेल्याच तापमानाला मोजली. साइटवर बदल झाला असेल, पण परवानगीचा कागद कुठे सापडत नाही." आणि बाई, क्षणाचाही विलंब न लावता, म्हणाल्या होत्या, "नकाशावर सदतीस असेल तर सदतीसच. माझा अंक चुकत नाही. मुकादमानं परस्पर केलं असेल." पलीकडून मुलीने विचारलं, "तेव्हाचं तापमानाचं गणित काही वेगळं होतं का, मॅडम?" "गणित कधी वेगळं नसतं," बाई म्हणाल्या होत्या. मग मुलीने सांगितलं होतं की अहवालात 'मुकादमाने विनापरवाना केलेला बदल' असा शेरा जाईल, शुक्रवारी ती सहीला येईल, आणि पूल उभा असेपर्यंत तो अहवाल पुलाच्या कागदांत राहील. बाईंनी फोन ठेवला होता आणि मटार सोलायला घेतले होते. मुकादमाला जाऊन तीस वर्षं झाली होती. मेलेल्या माणसावर एवढं सहज बोट ठेवता येतं, कारण ते बोट बाजूला सारायला तो येत नाही. त्या बाकावर बसल्या बसल्या बाईंनी हिशोब केला. एकशेवीस मीटरचा पूल, बसवला त्या सकाळपेक्षा उन्हाळ्यात तीस अंशांनी तापणारा. पोलाद त्रेचाळीस मिलिमीटर वाढणार. सदतीसच्या फटीत त्रेचाळीस मावत नाहीत. सहा कमी पडतात. सहा मिलिमीटर म्हणजे हातातल्या पेन्सिलीची जाडी, आणि तेवढ्यासाठी पहिल्याच उन्हाळ्यात पुलाने भिंतीला धडक दिली असती, दगड फोडले असते. हा हिशोब मनातल्या मनात अर्ध्या मिनिटाचा होता. आठवडाभर त्यांनी तो केला नव्हता. अभिमान आधी बोलला होता आणि अक्कल मागून, लंगडत, आत्ता पोचत होती.

रिक्षात बहीण शेजारणीच्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होती आणि बाई अकरा वर्षांच्या होऊन वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसल्या होत्या. वडील एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कचेरीत टंकलेखक होते. कचेरीने आपल्या लोकांच्या मुलांसाठी शाळा काढली होती, आणि नियमात 'लोक' म्हटलं होतं, 'साहेब' म्हटलं नव्हतं, एवढा एक शब्द धरून वडिलांनी अर्ज केला होता. अर्ज त्यांनी स्वतःच टंकला होता, एकही खाडाखोड नसलेला. फाटकाशी मोटारी थांबत, दारं उघडत, आणि त्यांच्यामधून घंटी वाजवत ही सायकल आत शिरे. वर्गात बावीस मुलं आणि चौदा भाषा. मधल्या सुट्टीत एकच कल्लोळ, पण पडल्यावर रडायचं मात्र प्रत्येकाने आपापल्या भाषेत. खिडकीत एक पृथ्वीगोल होता, कुणीतरी पाडल्यामुळे समुद्रात पोचा आलेला. शाळेच्या भाषेतले तीन शब्द येत होते बाईंना, आणि पहिल्या दिवशी त्यांनी ते तिन्ही दाराशीच संपवले. एवढ्या मोठ्या इमारतीत आपण एक चुकून आलेलं टपाल आहोत असं त्यांना वाटे. आजही फिनेलने पुसलेली लांब ओसरी दिसली की त्यांचे पाय आपसूक भिंतीकडेने चालू लागतात.

गणिताचे सर इतके उंच होते की दारातून येताना वाकत, म्हणून त्यांचं नाव लंबू सर. मास्तरकीआधी ते जहाजं बांधायच्या गोदीत कामाला होते आणि त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. एके दिवशी त्यांनी जोड्या पाडल्या. एकीने टेबल मोजायचं, दुसरीने लिहायचं. बाईंची जोडीदारीण म्हणजे पिवळी. केस तसे होते, म्हणून पिवळी. तिने शाळेच्या भाषेत आकडा सांगितला, त्या भाषेत आधी नव्वद मग दोन. तो बाईंच्या कानातून आत जाऊन घरचा झाला, ब्याण्णव, आणि हाताने ऐकलं तसं लिहिलं: आधी दोन, मग नऊ. सर वही बघून म्हणाले, "एकोणतीस? या टेबलावर मांजर तरी बसेल का?" सगळा वर्ग हसला. मग पिवळीने लिहून पाहिलं, तर तिनेही उलटंच लिहिलं! आता हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. घरी चिठ्ठी जाणार, वडिलांची सायकल पुन्हा या फाटकातून आत येणार नाही, असं सगळं बाईंना दिसायला लागलं. पण सर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. "तुमच्या घरी हा आकडा कसा म्हणतात? म्हणा बघू." बाई पुटपुटल्या, "ब्याण्णव." "त्याचे तुकडे करून सांग." "दोन... आणि नव्वद." पिवळीने तिच्या भाषेत सांगितलं. तिथेही दोन आधी, नव्वद मग. लंबू सरांचं तोंड असं उजळलं की जणू या दोघींनी नवा ग्रह शोधून काढला. "म्हणजे तुम्ही दोघी घरात मागच्या दारानं शिरता! शिरा की. कोण अडवतंय? फक्त आत आल्यावर पुढचं दार उघडून बघत जा." आणि त्यांनी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या, ज्या वर्षभर कुणी पुसल्या नाहीत. ऐकलंस ते परत बोल. मग लिही. मग कागदावरचं वाच, मनातलं नको. कुणीतरी धीर करून त्यांना अर्ध्या बोटाबद्दल विचारलं होतं. सरांनी ते बोट उलटसुलट करून पाहिलं, जणू आत्ताच दिसलं, आणि म्हणाले, "हा आकडा मी मनातला वाचला होता."

त्या शाळेने बाईंना पुष्कळ दिलं. भूमिती दिली, चौदा भाषांत भांडायचं धैर्य दिलं, पण खरं दिलं ते हेच: चूक ही लाज नसते, तिला पत्ता असतो, आणि पत्ता सापडला की तिच्या दाराशी पहारा बसवता येतो. तो पहारा घेऊन त्या इंजिनीयर झाल्या. कॉलेजात मुली तिघी, कचेरीत एकटी. कचेरीत बायकांसाठी मोरी नव्हती, म्हणून दुपारी चालत टपालकचेरीपर्यंत जायचं आणि परत यायचं. बडे साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "ठीक आहे, साइटवर पाठवतो. पण पहिली चूक झाली की टेबलावर परत. पुन्हा विचारायचं नाही." साइटवर त्यांना मिळालं डोक्याला ढगळ होणारं शिरस्त्राण आणि मिळाला मुकादम. पन्नाशीचा, चौथी शिकलेला, घरच्याच भाषेचा माणूस. त्याने दुसऱ्या दिवशी शिरस्त्राणात आतून कापडाची पट्टी शिवून आणली आणि म्हणाला, "बाई, डोकं हललं तरी चालेल, टोपी हलता कामा नये." बाईंनी तिथे लंबू सरांचा कायदा लागू केला. कोणतंही माप सांगितलं की ऐकणाऱ्याने परत बोलायचं. आठ दिवसांत त्यांचं नाव 'परतबोलाबाई' पडलं. जेवणाच्या सुट्टीत कामगार मुद्दाम ओरडत, "दोन चहा!" आणि चहावाला तिथूनच, "परत बोला!" बाई ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि मनातून सुखावत. मुकादमाचा मात्र अंकांवर भरवसाच नव्हता. तो रोजच्या वहीत माप अक्षरांत लिही. बाईंनी एकदा विचारलं तर म्हणाला, "अंकाचं काय बाई, इकडचा तिकडे गेला तरी तोंड वर करून उभा असतो. अक्षराचा पाय मोडला की लगेच कळतं."

आणि तो दिवस. बाईंना तो दिवस शेकडो वेळा आठवला होता, दर वेळी गमतीचा म्हणून. पूल बसवायचा होता. बडे साहेब आले होते, हात मागे बांधून उभे. वारा होता, पण एवढाही नव्हता. नकाशाची एक प्रत बाईंच्या हातात, एक मुकादमाच्या. मुकादमाने विचारलं, "बाई, फट किती ठेवायची म्हणालात?" बाईंनी हातातल्या नकाशावरून वाचलं, "त्र्याहत्तर." मुकादमाने आपल्या कागदाकडे पाहिलं. मग बड्या साहेबांकडे पाहिलं. मग कानामागे हात धरला. "वाऱ्यात ऐकू नाही आलं, परत बोला." "त्र्याहत्तर." त्याने पुन्हा कागदाकडे पाहिलं, पुन्हा कानामागे हात. "परत बोला, बाई." बडे साहेब बघत होते, माणसं खोळंबली होती, बाईंचा पारा चढला. "त्र्याहत्तर, मुकादम, त्र्याहत्तर! कान तरी तपासून घ्या एकदाचे!" सगळे खदखदून हसले. सर्वांत मोठ्यानं बडे साहेब, "अहो, तुमचा मंत्र तुमच्यावरच उलटला!" मुकादमाने कागदाची चार वेळा घडी केली, खिशात घातली, वर हात ठेवला आणि म्हणाला, "बरं. त्र्याहत्तर." त्या दिवसापासून सगळी साइट त्याला 'बहिरे मामा' म्हणायला लागली. त्याच्या पाठीमागे नव्हे, तोंडावर.

रिक्षा दारात थांबली तरी बाई उतरल्या नाहीत. बहीण खाली उभी राहून म्हणाली, "उतरतेस, की रिक्षावाल्याकडेच राहणार आहेस?" बाईंना तेव्हा आणखी एक गोष्ट आठवत होती, आणि तीच सगळ्यात वाईट होती. आठ दिवसांनी मुकादम खरोखर कानाच्या डॉक्टरकडे जाऊन चिठ्ठी घेऊन आला होता. "दोन्ही कान ठणठणीत आहेत, बाई. डॉक्टर म्हणाले, दोष असलाच तर बोलणाऱ्याकडे बघा." तो हसला होता. मग हसू ओसरलं तरी तो तसाच उभा राहिला, टोपी हातात, मिनिटभर. काहीतरी विचारलं जाईल म्हणून. बाई नकाशावर वाकल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरं झालं. फाईलला लावून टाका." एवढं स्पष्ट सांगितलं होतं त्याने. बहिरं कोण होतं?

शुक्रवारी नवी इंजिनीयर आली. पाठीला पिशवी, हातात फाईल, आणि बगलेत साइटची जुनी रोजवही, जी तळघरातल्या कपाटात सापडली होती. बहिणीने चहा टाकला. मुलगी वही उघडत म्हणाली, "मॅडम, यात त्या दिवसाची नोंद आहे, पण मला नीट लागत नाही. हे एकाहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर माझं कायम बोंबललेलं. मी सरळ सात-तीन म्हणते." बाईंनी वही ओढून घेतली. मुकादमाचं बोजड, पाय रोवून उभं असलेलं अक्षर. 'फट अक्षरी त्र्याहत्तर. बाईंना तीनदा विचारले. तीनदा त्र्याहत्तर म्हणाल्या.' बस्स. नकाशावर सदतीस आहे, याबद्दल एक अवाक्षर नाही. स्वतःच्या वहीतसुद्धा त्याने ते फोडलं नव्हतं. पानाला गंजलेल्या टाचणीने कानाच्या डॉक्टरची चिठ्ठी लावली होती. बाईंनी तिच्यावरून अंगठा फिरवला. टाचणीचा तांबूस डाग अंगठ्याला लागला, तो त्यांनी पुसला नाही.

"हा शेरा काढून टाक," त्या म्हणाल्या. "चूक माझी होती. त्र्याहत्तर म्हणत म्हणत मी तीन आधी लिहिला. आणि फोनवर तुला जे सांगितलं ती त्याहून मोठी चूक."

मुलीचा चेहरा पडला नाही, उलट सैलावला. "मला वाटलंच होतं मॅडम. सदतीसमध्ये पूल मावत नव्हता. पण तुम्हाला कसं म्हणणार?"

"म्हणायचं. तोंड कशाला दिलंय?"

"तुमच्या नावावर चूक कशाला घ्यायची पण? आपण 'टंकनदोष' लिहू. कुणाच्याच अंगाला लागत नाही."

"टंकनदोष!" स्वयंपाकघरातून बहीण ओरडली. "आमच्या वडिलांना लावतेस की काय गं?"

"माझे वडील टंकलेखक होते," बाई म्हणाल्या. "त्यांच्या हातून एक अक्षर कधी इकडचं तिकडे झालं नाही. कागद दे." त्यांनी पेन्सिल काढली, मुलगी म्हणाली पेन लागेल, तेव्हा तिचं पेन मागून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सहीआधीचा मजकूरही पेनानं लिहिला: 'फटीचे माप नकाशावर लिहिताना अंक माझ्याकडून उलटे झाले. बरोबर माप अक्षरी त्र्याहत्तर. मुकादमाने कागद आणि बोलणे यांतला फरक ओळखला, तीनदा विचारून खात्री केली आणि पूल बरोबर बसवला. हे त्याने मला दोनदा सांगितले. मी ऐकले नाही.' सही केली. मग कागद मुलीपुढे सरकवला. "वाच. मोठ्यानं. कागदावरचं वाच, मनातलं नको."

मुलगी वाचत गेली. त्र्याहत्तरपाशी अडखळली, मागे आली, पुन्हा म्हणाली, आणि या वेळी नीट म्हणाली. 

तपासणीत बाईंच्या रक्तात काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं. बाई म्हणाल्या, अकराव्या वर्षीही होत होतं. बड्या साहेबांनी निवृत्तीच्या भाषणात 'एकही अंक न चुकणारी माझी इंजिनीयर' असा त्यांचा उल्लेख केला होता, आणि तोच विश्वास घेऊन ते गेले. पिवळी विमानतळाच्या मनोऱ्यात कामाला लागली, आणि तिथे सांगितलेला आकडा वैमानिकाने परत बोलल्याशिवाय विमान जागचं हलत नाही हे तिने पहिल्याच पत्रात कळवलं होतं, खाली चार उद्गारचिन्हं देऊन. लंबू सर म्हातारपणी आपल्या देशी परतले. बाईंनी त्यांना पुलाचा फोटो पाठवला तेव्हा कार्डावर दोनच ओळी आल्या: 'पूल देखणा आहे. टोकाशी फट दिसते आहे, किती ठेवलीस? परत बोल.' बाईंनी उलट टपाली आकडा कळवला. तो सुलटा लिहिला की उलटा, हे आता कोण सांगणार? मुकादम त्यानंतर बाईंबरोबर आणखी पाच पूल उभारून घरी बसला, बहिरे मामा हे नाव घेऊनच गेला, आणि त्याचे कान शेवटपर्यंत इतके तिखट होते की बायकोने परसात भांडं ठेवलं तरी कुठलं ते ओळखी. बहीण अजूनही भाजीत कधीकधी दोनदा मीठ घालते. नवी इंजिनीयर आता आकडे घरच्या भाषेत म्हणायला शिकते आहे. दर पंधरवड्याला फोन करून एक ते शंभर म्हणते, आणि बाई परत बोलतात.

आणि पूल. यंदाच्या उन्हाळ्यात, अगदी कडक दुपारी, ती मुलगी तिथे गेली होती आणि पट्टी लावून फट मोजून आली. फोनवर म्हणाली, "तीस भरली, मॅडम." बाईंनी डोळे मिटून परत बोलून दाखवलं. त्र्याहत्तरातले त्रेचाळीस ऊन घेतं. उरलेले तीस मुकादमाचे.